लाईन सोडू काय?

सुरुवातीलाच सांगते, भूतबाधा, करणी, नजर लागणं यावर माझा काडीचाही विश्वास नाही. सिव्हिलचा डिप्लोमा आहे माझा, घरांचे नकाशे काढते. लोक वास्तूच्या दिशा विचारायला लागले की मी त्यांना सांडपाण्याचा उतार दाखवते. या पानावरचे तुमचे अनुभव मी दुपारी भाजी निवडताना वाचते आणि खरं सांगू... पोट धरून हसते. आता माझीच पाळी आलीय. तुम्हीही हसा, पण पूर्ण वाचून हसा.

आम्ही मलकापूरला राहतो — मी, माझा नवरा प्रमोद आणि सासूबाई. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते. सासरे, म्हणजे मामाजी, वीज खात्यात लाईनमन होते. मागच्या हिवाळ्यात ते वारले आणि तेव्हापासून आत्याबाईंचा आवाजच गेल्यासारखा झाला. पूर्वी या बाईनं अंगणातून हाक मारली की गल्लीतली भलतीच माणसं ओ द्यायची. आता ताटात वाढलं तर "पुरे" आणि दूधवाला आला तर "आला". संपलं बोलणं.

त्यात उन्हाळ्याच्या तोंडावर प्रमोदची जिनिंग बंद पडली. कापसाच्या त्या कारखान्यात तो सुपरवायझर होता. त्याच्या पुण्याच्या चुलतभावानं लगेच नोकरी पाहून ठेवली आणि फोन केला, "दोघंही या, सोमवारपर्यंत कळवा." दोघंही! कारण आत्याबाई हे घर सोडून कुठं जाणार नाहीत हे साऱ्या नात्यागोत्याला ठाऊक. त्यांना इथं एकटं टाकून जायचं मला पटतच नव्हतं.

तेवढ्यात पुण्याच्याच एका आर्किटेक्ट मॅडमनी मला नकाशांचं कायमचं काम द्यायची तयारी दाखवली, तेही घरबसल्या. फक्त सोमवारी अकरा वाजता, ऑनलाईन, माझ्या घरच्या मशीनवर थ्रीडी मॉडेल उघडून त्यांच्यासमोर बदल करून दाखवायचे. "घरी सगळी सोय आहे ना, तेवढंच पाहायचंय," म्हणाल्या. हे जमलं तर आम्ही मलकापुरातच, नाही जमलं तर बॅगा भरायच्या.

माझा जुना लॅपटॉप थ्रीडी म्हटलं की धापा टाकायचा. म्हणून मी सुटे पार्ट आणून स्वतःच कॉम्प्युटर जोडायचं ठरवलं. पार्ट इरफानभाईंच्या दुकानातून आणले, व्हिडिओ पाहून जोडले. बटण दाबलं... पंखे फिरले, लाल-निळे दिवे लागले. प्रमोद म्हणाला, "गणपतीचं डेकोरेशन हाय काय वो हे?" स्क्रीनवर पांढरे ठिपके गोल गोल फिरायला लागले आणि मी टाळी वाजवणार, तेवढ्यात फट्कन निळा पडदा! मशीन आपोआप बंद होऊन पुन्हा चालू झालं. पुन्हा ठिपके, पुन्हा निळा पडदा. रात्रीपर्यंत त्याचा तोच खेळ.

मी काय काय केलं म्हणून सांगू! रॅम काढून खोडरबरानं घासली, दुसऱ्या खाचेत बसवली. ग्राफिक्स कार्ड काढून पाहिलं. बोर्डावरचा चपटा सेल काढून परत लावला. प्रोसेसरवरची पेस्ट पुसून नवी लावली. निळा तो निळाच. कोणी म्हणेल अर्थिंग तपासा. तर आमच्या अर्थिंगबद्दल अवाक्षर काढायचं नाही! मामाजींनी स्वतः अंगणात खड्डा खणून, कोळसा-मीठ घालून केलीय ती. उन्हाळ्यात आत्याबाई तुळशीला पाणी घालून झालं की उरलेला तांब्या त्या खड्ड्यात ओततात.

शेवटी मशीन स्कूटरवर मांडीत धरून इरफानभाईंकडे नेलं. प्रमोद चालवत होता आणि मी प्रत्येक स्पीडब्रेकरला त्याला शिव्या देत होते. दुकानात लावलं तर पहिल्या झटक्यात चालू! दोनदा, चारदा, दहादा चालू. इरफानभाई म्हणाले, "भाभी, मशीन तो एकदम तंदुरुस्त है. घर में किसी की नजर लगी क्या?"

"इरफानभाई, तुम भी?" मी म्हटलं.

घरी आणलं. निळा पडदा. इरफानभाई बिचारे स्वतः आले, त्यांची केबल, त्यांचा पॉवर सप्लाय लावला. तरी निळा पडदा. चहा प्यायले, डोकं खाजवलं, "कुछ समझ में नहीं आ रहा" म्हणाले आणि चहाचा कप खाली ठेवून गेले. ज्याचं दुकान, त्यानंच हात टेकले!

शनिवारी दुपारी माझं डोकं सटकलं. मी स्क्रूड्रायव्हर आपटला आणि म्हटलं, "चुलतभावाले फोन लावा. येतो म्हना." प्रमोद मला रडताना पाहू शकत नाही, लगेच माकडचाळे करतो. तो ताठ उभा राहिला, कमरेवर हात ठेवले, घसा खाकरला आणि हुबेहूब मामाजींच्या आवाजात ओरडला, "लाईन सोडू काय?"

आता हे कळायला मामाजी कळायला पाहिजेत. लाईनचं काम करताना कोणी खांबावर चढलेलं असेल तर खालचा माणूस आधी हाक देतो आणि वरून जवाब आल्याशिवाय लाईन चालू करत नाही. मामाजींनी हे आयुष्यभर पाळलं, आणि घरी आणलं. कूलर असो, मिक्सर असो, पाण्याची मोटर असो... बटणावर बोट ठेवायचे आणि ओरडायचे, "लाईन सोडू काय?" आत्याबाई जिथं असतील तिथून, हात पिठात असोत की डोक्यावरून पाणी घेत असोत, करवादून जवाब द्यायच्या, "सोडा!" मग बटण. माझ्या लग्नानंतर पहिल्याच सकाळी मी हे ऐकलं तेव्हा मला वाटलं घरात भांडण चाललंय.

तर प्रमोदनं हाक दिली, आणि स्वयंपाकघरातून खणखणीत आवाज आला, "सोडा!"

मागच्या हिवाळ्यापासून पहिल्यांदा. त्याच त्या करवादलेल्या सुरात. लगेच आत पळी पडल्याचा आवाज आला. प्रमोदचा चेहरा पांढराफटक. पण त्याचं बोट तेवढ्यात बटणावर दाबलं गेलं होतं. ठिपके फिरले... फिरले... आणि मशीन चालू झालं. गुळगुळीत. जसं काही कधी बिघडलंच नव्हतं.

"योगायोग," मी म्हटलं. मी विज्ञान शिकलेली बाई! बंद करून पुन्हा दाबलं, हाक न देता. निळा. हाक दिली आणि जवाब प्रमोदनं दिला. निळा. मी आत्याबाईंचा आवाज काढून "सोडा" म्हटलं. प्रमोद जमिनीवर लोळून हसला, पण मशीन निळंच. मग प्रमोदनं पुन्हा हाक दिली आणि आतून आवाज आला, "सोडा म्हनलं ना एकडाव!" चालू! मशीनला ऐकू येतं म्हणावं तर कॅबिनेटला माइक नाही, वेबकॅम अजून डब्यात होता. मी उघडून बघितलं, खरंच.

आत्याबाई पदराला हात पुसत दारात आल्या. "माह्या सोडा म्हनल्यानं चालू होते काय हे?"

मी खोटं बोलायला हवं होतं. "तसंच दिसून राह्यलं, आत्याबाई."

"असं काय," त्या म्हणाल्या, आत गेल्या आणि संपावर बसल्या. हो, संपच! रविवारभर मी घशाला कोरड पडेपर्यंत हाका मारल्या. त्या समोर बसून तांदूळ निवडत होत्या, हूं नाही की चूं नाही. "आत्याबाई, म्हना ना सोड." तर म्हणे, "माहा घसा बसला." घसा बसलेली बाई शेजारणीशी लोणच्याच्या कैऱ्यांवर तासभर बोलली, बरं का. प्रमोद मध्ये पडायला गेला, "माय, एकडाव म्हन ना वो," तर त्याला मिरच्या आणायला बाजारात पिटाळलं.

सोमवार उजाडला. प्रमोद चुलतभावाचा नंबर काढून ओट्यावर बसला होता. माझा मात्र बांध फुटला. मी आत्याबाईंसमोर जाऊन उभी राहिले, "काऊन छळून राह्यल्या तुमी मले? काय वाईट केलं मी तुमचं?"

त्यांनी सूप बाजूला ठेवलं. "मले काय बहिरी समजली काय? फोनवर आयकलं मी सारं. पुन्याची बाई, पुन्याचं काम... हा डबा चालू झाला का तुमी चालले पुन्याले. मी काऊन सोड म्हनू? ते तं गेलेच. आता तुमालेही माह्याच तोंडानं जा म्हनू काय?"

मी मटकन खाली बसले, त्यांच्या गुडघ्याला गुडघा लावून. "अवो आत्याबाई, उलटं हाय ना! हा चालू झाला तं मी इथंच बसून पुन्याचं काम करतो. नाई झाला तं जा लागते आमाले. तुमाले सोडून जायचं म्हनून तर मी चार दिवसांपासून रडून राह्यली!"

 त्या एकदम चिडल्या, "मंग हे आधी नाई सांगता येत? नुसतं लाईन सोडू काय, लाईन सोडू काय! कोनची लाईन, खांबावर कोन हाय, कायी सांगानं का नाई? ते असते तं त्याईनं तुले कामावरून काढलं असतं."

असं म्हणून त्यांनी डोळे पुसले, पदर खोचला आणि स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. "घे. दे हाक."

"लाईन सोडू काय?"

"सोड, पोरी!" समोरच्या घरातलं बाळ जागं झालं एवढ्या जोरात. मी बटण दाबलं, ठिपके फिरले, मशीन चालू.

अकरा वाजता मोबाईल स्क्रीनसमोर टेकवला आणि मॅडम व्हिडिओ कॉलवर आल्या. सगळं छान चाललं होतं आणि मध्येच ते सॉफ्टवेअर म्हणालं, रीस्टार्ट करा. माझ्या अंगाला दरदरून घाम! फोनवर मॅडम तशाच होत्या. मी देवाचं नाव घेतलं (हो, घेतलं!) आणि ओरडले, "लाईन सोडू काय?" आतून गर्जना, "सोड!" आणि मशीन चालू. मॅडमनी घाबरून विचारलं, "काय झालं हो?" मी म्हटलं, "काही नाही मॅडम, आमच्याकडे सेफ्टी प्रोटोकॉल आहे." त्यांना ते भयंकर आवडलं. "साईटवर सुद्धा कोणी पाळत नाही," म्हणाल्या. काम मिळालं. प्रमोदनं पुण्याला नकार कळवला आणि आता तो बसस्टँडजवळ गुरांच्या सरकी-ढेपीचं दुकान टाकतोय.

आत्याबाईंचा आवाज मात्र जो परत आला तो आलाच. आता मला दिवसभर ऐकावं लागतं, माझी भाजी कशी बिघडली ते.

इथपर्यंत असतं तर मी लिहिलंही नसतं. कुठला तरी जोड ढिला असेल, इरफानभाई अजून तेच म्हणतात. पण परवा आत्याबाई भाचीच्या लग्नाला दोन दिवस पिंपळगाव राजाला गेल्या. जाताना विसरल्या की मुद्दाम, देव जाणे, मोबाईल घरीच ठेवून गेल्या. प्रमोद दुकानाच्या जागेवर होता. आणि मॅडमचा निरोप आला, नकाशा आत्ताच्या आत्ता हवाय. घरात मी एकटी. म्हटलं जे होईल ते होईल. सवयीनं हाक दिली, "लाईन सोडू काय?" घर शांत. कूलरचं पाणी तेवढं टपटपत होतं. मी बटण दाबलं... आणि मशीन चालू झालं. दुसऱ्या दिवशीही झालं.

आत्याबाई परत आल्यावर मी जरा तोऱ्यातच सांगितलं, "तुमच्याबिगर चालू झाला बरं काय."

त्या पिशवीतून लग्नाचे लाडू काढत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "होनारच. निघताना त्याईच्या फोटोपुढं सांगून गेल्ती मी. दोन दिवस मी घरी नाई, सूनबाईनं हाक देली तं जवाब तुमी द्या."

कारण मला सापडलेलं नाही. तुमच्यात कोणी हार्डवेअरवालं असेल तर जरूर सांगा, मला खरंच जाणून घ्यायचंय. फक्त एक झालंय... घरात एकटी असले की आता हाक देऊन लगेच बटण दाबत नाही. जरा थांबते. मामाजींना जवाब द्यायला वेळ लागत असेल.