तानाजी मास्क न घालता टाकीत उतरला

अडीच फूट तोंडाची लोखंडी टाकी, आतली शिडी आणि तळाशी पडलेला लाकडी खलाशी, सगळं मी शाहूपुरीतल्या वर्कशॉपात स्वतःच्या हातानं केलंय. रसायनांच्या जहाजावर जाणारी आपली पोरं टाकीत पडलेल्याला वर काढायला त्यावर शिकतात.

आज तालमीतला तानाजी मास्क न घालताच उतरला आणि खलाशाला खांद्यावर घेऊन हसत वर आला.

"खऱ्या टाकीत विषारी वायूनं मेला असतास," मी म्हणालो.

"मास्तर, गडी पडल्यावर मास्क शोधत बसू व्हय?"

त्याचा थोरला भाऊ जहाजावर असाच सोबत्याला काढायला उतरला होता. दोघांची प्रेतंच वर आली.

संध्याकाळी भरतीचा एजंट आला. "परवा जहाज सुटतंय. तानाजीला पास लिहा की!"

चौकातल्या फळ्यावर हे वाचणाऱ्यांनो, मी नापासच लिहिलं. पास लिहायला एजंट दोन हजार रुपये देत होता.