खाण नसलेला किनारा

मार्च २००४, रविवार सकाळ. हजर: मी, मुश्ताक आणि चहाचा ट्रे घेऊन आलेले आमचे हे. गैरहजर: विद्यार्थी, परीक्षेमुळे. विषय: रत्नागिरीत खाण कुठे दाखवायची.

मुश्ताक माझ्या कॉम्प्युटर क्लासमध्ये हार्डवेअर शिकवायचा. पूर्णगडचा, तिशीतला; वडील आणि आजोबा दोघेही जहाजावर. कुठलीही फाईल सेव्ह करण्याआधी तो माऊसवरचं बोट उचलून विचारायचा, "खरं हाय ना हे?" मग ती मार्कांची यादी असो, नाहीतर पंख्यांच्या दुरुस्तीची.

सुट्टीच्या दिवशी तो एका खेळाच्या मागे असायचा. मध्ययुगातली राज्यं चालवायचा परदेशी खेळ. त्याच्या फायली उघडून मुश्ताक युरोपच्या जागी दख्खन आणि कोकण बसवत होता. अशा बदललेल्या खेळाला मॉड म्हणतात, हे मला त्यानेच सांगितलं. प्रत्येक प्रांतात एखादी खाण किंवा व्यापाराचा माल दाखवायचा असे. रायचूरकडे सोनं, कृष्णाकाठी हिरे, मलबारात मिरी, सगळं पटापट बसलं. अडलं ते आपल्या किनाऱ्यापाशी. तिथे काहीच न ठेवता खेळ सुरू केला की कोणी व्यापारी फिरकत नसे, कोणी राजा राखण करत नसे, आणि बघता बघता वस्ती उठून जाई. मुश्ताक खुर्ची मागे सरकवून त्या ओसाड किनाऱ्याकडे बघत राही. ते मला बघवत नसे.

लोखंडाची एक खाण टाक आणि मोकळा हो, असं मी त्या सकाळी सुचवलं.

"वहिनी, कातळात लोखंड दाखवलं तर लोक खणायला येतील. बंदरात कोण येणार?"

मग त्याने घोडे ठेवून पाहिले. अरबस्तानातले घोडे दाभोळला उतरायचे, हे त्याने वाचलं होतं. पण बाहेरून उतरलेला माल आणि इथेच तयार झालेला माल यांतला फरक खेळाला कळेना. चहा संपेपर्यंत पूर्णगडच्या किल्ल्यातून घोडेस्वारांची फौज बाहेर पडली.

आमच्या ह्यांनी विचारलं, "मुश्ताक, तुझ्या चाचाला घोड्यावर बसलेला बघितलायस का कधी?"

"चाचा होडीत पण आडवाच असतो," म्हणत त्याने घोडे काढून टाकले.

उत्तर सापडायला त्याला वर्ष लागलं. घोडे मस्कतच्या बाजूला ठेवायचे, मिरी मलबारात राहू द्यायची, आणि आपल्याकडे फक्त मोठं बंदर बांधायचं. जहाजं ये-जा करत राहिली तर किनारा जगेल. "आपल्याकडे माल नाय, वहिनी. जाणारी माणसं हायत," तो म्हणाला. पण ते बंदर नकाशातल्या जलमार्गांना जोडणं किचकट होतं. ते अर्धवट असतानाच त्याला मस्कतची नोकरी लागली. घरी दोन बहिणींची लग्नं होती. थांब म्हणायची सोय नव्हती.

रविवारी क्लास उघडण्याचं कारण उरलं नाही, तरी मी बराच काळ उघडत राहिले. खिडक्या पुसायच्या, प्रिंटर साफ करायचा, मेल बघायचा. त्याचे मेल त्रोटक असत. एकदा त्याने लिहिलं होतं, "इथून समुद्र तोच दिसतो, पण आपण उलट्या बाजूला."

शेवटच्या मेलसोबत फाईल आली. "बंदर जोडलंय. चालवून नाय बघितलं. ईदला येतो, तेव्हा तुमच्यासमोरच बघू. साहेबांना पण बसवा." साहेब म्हणजे आमचे हे.

ईदच्या आधीच तो गेला. कामावर छातीत दुखायला लागलं, दवाखान्यात पोचलाच नाही. दफन तिकडेच झालं.

फाईल मी क्लासमधल्या जुन्या कॉम्प्युटरवर बसवून ठेवली आहे. भंगारात द्यायच्या सामानात तो कॉम्प्युटर दोनदा आला. दोन्ही वेळा मी तो बाजूला काढला. बाकी सगळं जोडून तयार आहे. खेळ सुरू करायचा आणि आपली वस्ती टिकते का बघायचं, एवढं राहिलं आहे.