सुई थांबली ती दुपार

आधी घटनाक्रम नोंदवतो. अनंत चतुर्दशीनंतरच्या सोमवारी माझा मित्र दत्ताराम माझ्या सांगण्यावरून एका कागदावर सही करतो. त्याच आठवड्याच्या शुक्रवारी एका मोठ्या कार्यशाळेचे व्यवस्थापक आपल्या अहवालात त्याच्याविषयी एक खोटे वाक्य लिहितात. दिवाळीआधी त्याच कार्यशाळेत त्याचे निदान खरे ठरते. वाक्य मात्र तसेच राहते. तुळशीच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या पत्नीचा, सुलभावहिनींचा, फोन येतो... "भावोजी, हे उठत नाहीत." जबाबदार व्यक्ती तीन : वाक्य लिहिणारे व्यवस्थापक, ते वाचून गप्प बसलेले गाडीचे मालक आणि हे लिहिणारा मी. दत्ताराम झोपेत, हृदय बंद पडून गेला. त्या मृत्यूचा आरोप मी कोणावरही ठेवत नाही. आरोप त्या वाक्यापुरता आहे.

लालबागच्या एकाच चाळीत, समोरासमोरच्या खोल्यांत आम्ही वाढलो. दोघांचेही वडील गिरणीत. मी पुढे फोर्टातल्या एका सॉलिसिटरच्या कचेरीत कारकून झालो आणि गिरगावात राहायला गेलो. तो ऑपेरा हाऊसजवळच्या गॅरेजात लागला, जिथे परदेशी गाड्या येत. वर्तमानपत्रांना आणि महापालिकेला पत्रे लिहिण्याच्या माझ्या सवयीमुळे तो मला जन्मभर "वकील" म्हणत आला, आणि मी वकील नाही हे त्याला पक्के ठाऊक होते. उतारवयात त्याने लालबागमध्येच, एका गोदामाच्या पडवीत, स्वतःचे काम मांडले. त्याची पद्धत मला विलक्षण वाटे. गाडीचे बॉनेट तो सर्वांत शेवटी उघडायचा. आधी मालकाला समोर बसवून विचारायचा : सकाळी लगेच सुरू होते का? उभी केल्यावर किती वेळाने अडते? मग डोळे मिटून ऐकत राहायचा, जणू गाडी आत कुठेतरी त्याच्या पापण्यांमागे चालते आहे...

ती लाल रंगाची, दोन आसनांची जुनी स्पोर्ट्स कार हिंदू कॉलनीतल्या एका निवृत्त दंतवैद्यांची. कार्बोरेटर नाही, पेट्रोल दाबाने इंजेक्टरमधून आत जाते, त्या काळातली. सकाळी थंड असताना किल्ली फिरवताच सुरू होई. फेरफटका मारून कुठे अर्धा तास उभी केली, की स्टार्टर नुसता कण्हत राही. वर सांगितलेल्या मोठ्या कार्यशाळेने तिची नियंत्रणपेटी बदलली, संवेदक बदलले. तक्रार जागच्या जागी. दत्ताराम म्हणाला, शेजारचे मिरची कांडप बंद असते त्या वारी आणा. मिरचीच्या धुरळ्यात पेट्रोलचा वास कसा कळणार? नाक हे त्याचे पहिले उपकरण होते, आणि लालबागमध्ये ते आठवड्यातून एकच दिवस चालत असे.

ती दुपार माझ्या मनात अजून संपलेली नाही. आम्ही तिघे गाडीतून आलटून पालटून वडाळ्यापर्यंत जाऊन आलो, गाडी तापवली, पडवीत उभी केली. दत्तारामने इंजिनाजवळच्या नळीवर दाब मोजणारे घड्याळ जोडले, इंजिन बंद केले आणि तीन खुर्च्या मांडल्या. दंतवैद्यांनी विचारले, आता काय करायचे?

"काय नाय. बघायचं," दत्ताराम म्हणाला. "दात उपटायच्या आधी तुम्ही ठोकून बघता ना, कुठला दुखतोय तो? तसंच."

आणि आम्ही बघत बसलो. पत्र्याच्या फटीतून ऊन आत आले होते, निवणारे इंजिन मधूनच टिक्... टिक्... वाजत होते, आणि घड्याळाची सुई एखादे पान तळ्यात बुडावे तशी खाली चालली होती. दाब कुठून तरी गळत होता. दत्ताराम समजावू लागला : दाब गेला की तापलेल्या नळीतल्या पेट्रोलची वाफ होते, मग इंजिनाला पेट्रोलऐवजी वाफच मिळते. गळतीच्या वाटा तीन, टाकीकडे परतणारी नळी, पंप आणि इंजेक्टर; आपण एकेक तपासायची. गाडी पुन्हा चालवून थांबवली आणि त्याने टाकीकडे परतणारी रबरी नळी चिमट्याने दाबली. चिमट्याच्या दातांना वहिनींच्या जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळलेली, नळीला इजा नको म्हणून. सुई पडलीच. दंतवैद्य डुलक्या घेऊ लागले होते. तिसऱ्यांदा, इंजिन आणि पंप दोन्ही बंद झाल्यावर, त्याने पंपाकडून येणारी नळी दाबली. सुई थांबली. कितीतरी वेळ थांबून राहिली... ऊन, धूळ, रस्त्यावरचे आवाज, सगळेच त्या सुईबरोबर थांबल्यासारखे मला वाटले. त्याने वाकून वास घेतला आणि हसला. "इंजेक्टर कोरडे आहेत. पंपाची झडप गेली, वकील. दाब मागं पळतोय."

इथे माझा अपराध सुरू होतो. दत्तारामने आयुष्यात निदान कधी कागदावर लिहिले नव्हते. तोंडाने सांगायचे आणि ते खरे निघायचे, एवढाच त्याचा दस्तऐवज. पंप बदलून घ्यायचा तर कार्यशाळेला लेखी द्यायला हवे असा हट्ट मी धरला आणि मसुदा मीच केला. कचेरीतल्या सवयीने लिहिले, की झडप सदोष असण्याची शक्यता आहे, निष्कर्षाची हमी नाही, अंतिम निर्णय तज्ज्ञांचा. त्याने तो दोनदा वाचला.

"हे माझं नाय रे. मी शक्यता कधी म्हटली?"

कायद्याच्या भाषेत असेच लिहितात, मी म्हणालो. त्याने माझ्या शब्दाखातर सही केली. शुक्रवारच्या अहवालात व्यवस्थापकांनी लिहिले, की स्थानिक कारागिराला स्वतःलाच खात्री नाही, आणि त्याने नळी दाबल्यामुळेच पंप निकामी झाला. पंप बंद असताना दाबलेल्या नळीने पंपाला इजा होते कशी, याचा खुलासा नव्हता. तक्रार दत्तारामने गाडी पाहण्याच्या कितीतरी आधीची होती, याचा उल्लेख नव्हता. दिवाळीपूर्वी त्यांनी निमूटपणे नवा पंप बसवला आणि गाडी गरम असतानाही पहिल्या किल्लीला सुरू झाली. दंतवैद्यांनी मला हे फोनवर आनंदाने सांगितले. दत्तारामसाठी दोन ओळी लिहून द्या, असे मी म्हटल्यावर मात्र, आता विषय कशाला वाढवायचा, असे म्हणाले. तोपर्यंत तो अहवाल जुन्या गाड्यांच्या शौकिनांमध्ये मोबाइलवर फिरला होता. पडवीसमोर गाड्या थांबेनाशा झाल्या.

भाऊबीजेला भेटलो तेव्हा पडवी झाडून स्वच्छ होती. तेवढे काम उरले होते. एवढेच म्हणाला, "तेवढं वाक्य खोडून घे. बाकी काय नको."

मी व्यवस्थापकांना तीन पत्रे पाठवली. उत्तर नाही. आजही गिरगावातल्या माझ्या गल्लीत एखादी गाडी सुरू होताना रखडली, की मी खिडकीशी जातो, डोळे मिटतो आणि तो करायचा तसे ऐकण्याचा प्रयत्न करतो. मला काहीच ऐकू येत नाही... ते कान त्याचे होते.

सबब, हे जाहीर निवेदन. शक्यतेचा तो शब्द माझा होता, दत्तारामचा नव्हता. त्याला पूर्ण खात्री होती आणि तो बरोबर होता. हे मी माझ्या सहीने कबूल करतो. आता व्यवस्थापक महाशयांनी वर्तमानपत्राच्या याच पुरवणीत, आपल्या नावानिशी उत्तर द्यावे : दत्तारामने त्या नळीला हात लावण्यापूर्वीच झडप गळत होती, होय की नाही?