चिंचेने घासलेला बिल्ला

आजही तांब्या चिंचेने घासताना त्या आंबट वासाने माझं डोकं फिरतं. सासरे तरुणपणी एका वैमानिक साहेबाचे आचारी होते. साहेबाने दिलेला पंखांचा चांदीचा बिल्ला त्यांनी जन्मभर जपला. तो खरा की नकली, हे विचारायला मी मुरबाडच्या एका जुन्या वस्तूंच्या जाणकाराकडे गेले. मळकी वस्तू कशी दाखवायची, म्हणून आदल्या दिवशी चिंच-राखेने लख्ख घासली.

त्याने भिंग लावलं. "जुन्या बिल्ल्याच्या खाचांत काळं साचतं. हा नवा आहे, नकली."

"कालपर्यंत काळाच होता. मीच घासला."

"सगळे असंच सांगतात, मावशी."

घरी सासरे वाट बघत होते. "काय बोलला गो?"

"नकली म्हणतो."

"म्हणजे साहेबानं फसवलं मला," ते म्हणाले.

चूक माझी होती, तरी बिल्ल्यातलं काळं मीच घासून काढल्याचं त्यांना सांगितलं नाही.