दहा मिनिटांत पोचवणारं शहर: चंदीगडमध्ये राहून बघितलेले चार दिवस

मिलिंदला चंदीगडच्या नोकरीचं पत्र आलं त्या संध्याकाळी आमच्या घरी पेढे आणायचे की नाही यावरूनच मतभेद झाले. मिलिंद म्हणजे माझा नवरा, पॅथॉलॉजीचा डॉक्टर. तिथल्या मोठ्या वैद्यकीय संस्थेत शिकवायला मिळावं म्हणून तो कित्येक वर्षं डोळे लावून बसला होता. इरा ही आमची तेरा वर्षांची मुलगी. तिने जेवणाच्या टेबलावर फोन काढला आणि छोट्या राज्यात कुटुंबांना कंटाळा येतो का, या प्रश्नावर कुणाकुणा अनोळखी लोकांनी दिलेली उत्तरं आम्हाला मोठ्याने वाचून दाखवली. निवृत्त लोकांचं गाव. रात्री नऊला चिडीचूप. बघायला काय, तर एक तळं.

"आणि ते राज्यपण नाहीये, बाबा. केंद्रशासित आहे. म्हणजे राज्य व्हायलासुद्धा कमी पडलं," ती म्हणाली.

उत्तर सोमवारपर्यंत कळवायचं होतं. तुम्हा दोघींपैकी एकीचाही नकार असेल तर मी ‘नाही’ असं कळवतो, असं मिलिंदने सांगून टाकलं. असला दिलदारपणा फार महागात पडतो, कारण मग त्याचं उतरलेलं तोंड आयुष्यभर आपल्या खात्यावर. माझा स्वतःचा काही प्रश्न नव्हता. मी घरून भाषांतराची कामं करते, लॅपटॉप कुठेही उघडतो. प्रश्न इराचा होता. दिवाळीची सुट्टी चालूच होती, तेव्हा मी म्हटलं, उत्तरं वाचून काय कळणार, चार दिवस राहूनच बघू. मिलिंद मुलाखतीच्या वेळी जाऊन आला होता, म्हणून आम्ही दोघीच निघालो.

पुण्याहून चंदीगडला थेट विमान आहे, अडीच तासांचं. खरं तर विमानापेक्षा आमच्या बावधनच्या घरापासून लोहगावला पोचणं हाच मोठा प्रवास, हे पुणेकरांना वेगळं सांगायला नको. चंदीगडला उतरलं की टॅक्सीने अर्ध्या तासात शहरात. आम्ही सेक्टर २२ मध्ये बसस्टँडजवळ एक साधं हॉटेल घेतलं होतं. गरम पाणी, स्वच्छ चादरी, दोन हजारांच्या आत, आणि खाली उतरलं की बाजार. पाहुणे म्हणून कुणाकडे राहिलं तर गावाचं खरं तोंड दिसत नाही, असं माझं ठाम मत आहे. तुम्ही राहून बघायला जाणार असाल तर तुम्हीही तसंच करा. खाली छोले-भटुरे खाल्ले. भटुरा ताटाच्या बाहेर जात होता. इराने तो संपवला आणि "ठीक आहे" एवढाच शेरा दिला.

त्या संध्याकाळी सात वाजता वसुधाताईंकडे जेवायला बोलावलं होतं. त्यांचे यजमान मिलिंदला सीनियर, त्याच संस्थेत डॉक्टर. मूळच्या कोल्हापूरच्या, इथे येऊन अठरा वर्षं झालेली. त्यांचं घर सेक्टर १५ मध्ये. सात म्हणजे साडेपाचला निघायला हवं, हा हिशोब मी विचार न करता केला. पुण्यात राहून तो अंगात भिनतो. साडेपाचला रिक्षात बसलो. रस्ता सरळ, दोन्ही बाजूंना झाडं, मध्ये एक फुलांनी भरलेला गोल चौक.

"आई, तुला एक सांगायचं होतं. ती आहे ना..." इराने सुरुवात केली आणि रिक्षा थांबली.

"उतरो जी, आ गया," रिक्षावाला म्हणाला. सहाला वीस मिनिटं कमी होती.

वसुधाताईंनी दार उघडलं तेव्हा त्यांच्या डोक्यावर मेंदी थापलेली होती आणि खांद्यावर जुना टॉवेल. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी मात्र एक नजर माझ्याकडे टाकली आणि खो खो हसत सुटल्या.

"पुण्याची दिसतीस! ये, ये. सगळे पुण्यावाले पहिल्या दिवशी असेच येतात. मी खरं म्हणजे सहालाच धुणार होते."

त्या डोकं धुवायला गेल्या आणि त्यांची मुलगी ओवी, इराच्याच वयाची, इराला घेऊन समोरच्या बागेत गेली. मी गॅलरीतून ऐकत होते. इरा मराठीत विचारायची, "इथे तुम्ही संध्याकाळी काय करता?" ओवीला मराठी सगळं कळतं, पण उत्तर हिंदीत. "कुछ खास नहीं यार. सायकल चलाते हैं, बैठते हैं." दोघींनीही आपापली भाषा सोडली नाही आणि तरी गप्पा अडल्या नाहीत. परत आल्यावर इराने माझ्या कानात निकाल सांगितला, "बैठते हैं! आई, यांचा छंद बसणं आहे."

जेवताना मी वसुधाताईंना सरळच विचारलं, की इथे कंटाळा येतो का.

"आता खोटं कशाला बोलू? पहिलं वर्ष मी रडून काढलं," त्या म्हणाल्या. "साडेपाचला नवरा घरात, मुलगी घरात, सगळी कामं झालेली. आता या एवढ्या मोठ्या संध्याकाळचं करायचं काय, हे मला कुणी शिकवलंच नव्हतं. मग पोहायला शिकले, पेटी शिकले. काहीतरी करायला लागतंय की. इथं वेळ मिळतो गं, पण त्याचं काय करायचं ते आपल्यालाच बघायला लागतंय."

मला हे पटलं. मी मनातल्या मनात चंदीगडला पैकीच्या पैकी गुण देऊन मोकळी झाले होते, हेही कबूल करते. मी अशीच आहे. निर्णय आधी होतो, कारणं मागून येतात.

शुक्रवारी पहाटे सुखना तलाव. नोव्हेंबरमध्ये सकाळी स्वेटर लागतो, आणि खरं सांगायचं तर हवेत थोडा धूरही असतो, पलीकडच्या डोंगररांगा पुसट दिसतात. पण काठावरच्या रुंद रस्त्यावर पळणारी, चालणारी, बाकावर शेंगदाणे सोलत बसलेली माणसं बघून मला हेवा वाटला. कुणालाही घाई नव्हती. अकरा वाजता एका शाळेत भेटायची वेळ घेतली होती. आम्ही दहाला फाटकाशी. वाटेत रिक्षात इरा पुन्हा म्हणाली, "आई, ऐक ना," आणि मी "हं, बोल" म्हणेपर्यंत शाळा आली. एक तास फाटकासमोरच्या बाकावर बसलो, पण तिथे इराबाई फोन काढून बसल्या आणि मी माझी ईमेल बघितली. शाळा चांगली निघाली. ग्रंथालय मोठं, मैदान त्याहून मोठं. मुख्याध्यापिका इराशी माझ्याकडे न बघता बोलल्या, ते मला फार आवडलं.

दुपारी रॉक गार्डन. फुटक्या बांगड्या, कपबश्या, बेसिनचे तुकडे यांतून उभी केलेली माणसं, प्राणी, भिंती, धबधबे. तिकीट अगदी किरकोळ, वेळ दोन तास ठेवा, आणि बूट चांगले घाला, कारण चढउतार आहे. हडपसरहून हिंजवडीला निघालेला माणूस तेवढ्या अंतरात चंदीगड दोनदा ओलांडेल, असं मी इराला म्हटलं. ती हसली नाही. दिवसभर सगळं बघून, सगळं खाऊन ती रात्री म्हणाली, "छान आहे गं. पण मला नाही यायचं."

का, तर सांगेना. मिलिंदचा फोन आला तेव्हा मी त्याला शाळेचं ग्रंथालय सांगितलं आणि हे सांगितलं नाही. तो इतक्या उत्साहात होता की मी ते उद्यावर ढकललं.

शनिवारी मी ठरवलं, की पुण्याची खोड मोडायची. आता चंदीगडच्या घड्याळाने चालायचं. सकाळी पंचकुलाला गेलो. रिक्षात बसल्या बसल्या राज्य बदलतं आणि हरियाणा लागतो. निवडुंगांची बाग बघितली आणि नाडा साहिब गुरुद्वाऱ्यात लंगरमध्ये जेवलो. डाळ, रोटी, खीर. शेजारी बसलेल्या आजींनी इराच्या ताटात तिला न विचारता आणखी एक रोटी घालायला लावली. "खा पुत्तर, सुकी पई है," पोर वाळून गेलीये, असं त्या पंजाबीत म्हणाल्या आणि इराने निमूट खाल्ली.

तिथून झिरकपूर, म्हणजे पंजाब. संस्थेचं घर मिळायला वेळ लागू शकतो, तोवर भाड्याने राहायला तिथे नवे फ्लॅट बरेच आहेत. एजंटशी चार वाजता भेटायचं ठरलं होतं. "पंद्रह मिनट का रास्ता है मैडम जी," तो फोनवर म्हणाला होता. मी साडेतीनला टॅक्सीत बसले आणि पंधरा मिनिटं जास्तीची ठेवल्याबद्दल स्वतःलाच हसले. दहा मिनिटांत आम्ही एका पुलाच्या अलीकडे थांबलो आणि मग थांबूनच राहिलो. पुढे ट्रक, मागे बस, बाजूला वरातीची सजवलेली गाडी. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. सगळे पुणेकर जिथे जातील तिथे ट्रॅफिक शोधून काढतात, असं मी चिडून म्हणाले.

आणि इरा खुलली. पाय वर घेऊन, पाठीमागे स्वेटरची उशी करून, अगदी घरच्यासारखी बसली आणि बोलायला लागली. तिची जिवलग मैत्रीण सई सुट्टी लागल्यापासून तिच्याशी बोलत नव्हती. वर्गातल्या मुलींनी एक वेगळा गट केला होता आणि हिला घेतलं नव्हतं. गणिताच्या पेपरला ती रडली होती. एका मुलाने तिच्या चित्राचं कौतुक केलं होतं, आणि ते तिने चार वेळा चार प्रकारे सांगितलं. मी फक्त हं, मग, असं म्हणत होते. तासभर गाडी दोनशे पावलंही सरकली नाही.

"हे तू मला इतके दिवस का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

"परवापासून सांगतेय. दरवेळी आपण पोचतोच."

मी तिच्याकडे वळून बसले. ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "आई, मी कुठे म्हणते इथे बोअर होईल? ते मी बाबांना सांगायला वाचलं. पुण्यात शाळेतून घरी यायला आपल्याला सव्वा तास लागतो ना. मी तुला सगळं तेव्हाच सांगते. घरी आलं की तू लॅपटॉप उघडतेस. इथे शाळेतून दहा मिनिटांत घरी आलो, तर मी तुझ्याशी बोलणार कधी?"

वर्षानुवर्षं मी त्या सव्वा तासाला शिव्या घातल्या होत्या. माझ्या मुलीने तो जपून ठेवला होता, कारण तेवढाच तिच्या वाट्याला यायचा. मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही. ड्रायव्हरने आरशातून बघून पाण्याची बाटली पुढे केली आणि म्हणाला, "हो जाएगा जी, खुल जाएगा." त्याला वाटलं, मी ट्रॅफिकमुळे रडतेय. आम्ही दोघी इतक्या हसलो की शेवटी तोही हसायला लागला. पाच वाजून गेल्यावर पोचलो. फ्लॅट बरा होता, पण तो बघण्यात माझं लक्ष नव्हतं.

रविवारी दुपारचं विमान होतं. सकाळी मी इराला म्हटलं, रिक्षा नको, सेक्टर १६ च्या गुलाबबागेत चालत जाऊ. फोन दोघींनीही हॉटेलवर ठेवले. चंदीगडमध्ये चालायला पदपथ खरोखरच आहेत, आणि डोक्यावर झाडं, त्यामुळे एका सेक्टरातून दुसऱ्यात चालत जाणं हा त्रास नाही. सईचं पुढे काय करायचं, हे आम्ही बसस्टँडपासून बोलायला घेतलं आणि बागेच्या फाटकापर्यंत तीन मार्ग निघाले, त्यातले दोन माझे होते आणि तिने फेटाळले. नोव्हेंबरात फुलं थोडीच होती. बागेच्या फाटकाशी इराने एका काकांना वेळ विचारली.

"पस्तीस मिनिटं," ती मला म्हणाली. निघतानाची वेळ तिने हॉटेलच्या घड्याळात बघून ठेवली होती.

पुण्याला उतरलो. लोहगाव ते बावधन पावणेदोन तास. मिलिंद गाडी चालवत होता आणि आरशातून आमच्या चेहऱ्यांवर काही लिहिलेलं दिसतंय का बघत होता. इराने त्याला विद्यापीठ चौकापर्यंत ताटकळत ठेवलं. मग म्हणाली, "बाबा, हो म्हणून कळवा. पण माझी एक अट आहे." अट ऐकून त्याने आधी माझ्याकडे बघितलं, मग गाडी बाजूला घेतली आणि आम्हा दोघींना पेढे घेऊन दिले.

छोट्या राज्यात कुटुंबाला कंटाळा येतो का, याचं माझं उत्तर आता पक्कं आहे. ते गाव तुमचा वेळ तुमच्या हातात परत देतं. तो कुणाला द्यायचा हे आधी ठरवलं असेल तर बेधडक जा. मी घरी आल्यावर लॅपटॉप उघडला नाही, असं लिहिलं तर खोटं होईल, पण उघडण्याआधी इराच्या खोलीत डोकावले.

सोमवारी मिलिंदने होकार कळवला. संध्याकाळी त्या एजंटचा फोन आला. "मैडम जी, झिरकपूर छोडो. सेक्टर में फर्स्ट फ्लोर मिल रहा है, बच्ची का स्कूल बिल्कुल सामने. सड़क पार की और पहुँच गए."

"सामने नहीं चाहिए," मी म्हटलं. "स्कूल से आधा घंटा दूर चाहिए. पैदल."

त्याने काळजीने विचारलं, "स्कूल में कोई प्रॉब्लम है जी?"

शेजारून इराने फोन ओढून घेतला. "भैया, आधा घंटा नहीं," ती म्हणाली, "पैंतीस मिनट."