राजकुंवरबाईंचा न झालेला प्रयोग

१९८९ साली धुळ्याला, देवपूरच्या एका शाळेत, नाट्यनिर्माते होऊ पाहणाऱ्यांसाठी प्रशिक्षण वर्ग भरला. दहा रविवार. आम्ही अकरा जण होतो, त्यात बाई एकच, राजकुंवरबाई. घरचं कापडाचं दुकान, वय चाळिशीचं, डोक्यावरचा पदर कधी ढळायचा नाही. पहिल्याच दिवशी कुणीतरी म्हणालं, "भाभी, वेशभूषेचा वर्ग वेगळा असतो."

"कापड तर मी रोजच मोजते," त्या म्हणाल्या. "मला नाटक उभं करायचंय."

शिकवायला मुंबईहून तांडेल सर यायचे. नटांच्या तारखा, परवाने, जाहिरात, दौऱ्याची बस, सगळं समजावायचे. एकदा म्हणाले, "पडदा वर जायच्या आधी निर्मात्याने प्रत्येक दारातून स्वतः बाहेर पडून बघायचं." आम्ही वहीत उतरवून घेतलं.

शेवटी प्रत्येकाने एक तिकीट लावलेला प्रयोग करायचा होता. राजकुंवरबाईंनी अमळनेर निवडलं. त्यांच्या सासऱ्यांचे स्नेही चंपालालशेठ यांनी आपल्या कापसाच्या जिनिंग कारखान्यातलं पत्र्याचं गोदाम दिलं. मी मदतीला गेलो. सगळी तिकिटं खपली.

प्रयोग दुपारी चारचा. लोक बसायला लागले तेव्हा बाई दारं बघत होत्या. मागचं दार उघडेना. वळसा घालून गेलो, तर बाहेर कापसाच्या गाठी रचलेल्या, पार छपरापर्यंत.

"अक्का, बठ्ठ्या गाठी काढाले दिन बुडी जाई," तिथला भटू हमाल म्हणाला. सगळ्या हलवायला सूर्य मावळला असता.

बाई शेठजींकडे गेल्या. ते पहिल्या रांगेत बसले होते.

"सूनबाई, वीस वर्षं इथे लग्नं लागतात," ते म्हणाले. "काही झालंय कधी?"

"बाहेर कापूस आहे, काकाजी. आत दिव्यांच्या वायरी लोंबताहेत. आणि पुढचं दार एवढंसं."

मग माझ्याकडे वळल्या. "पंडितभाऊ, तुम्ही काय म्हणता?"

दार मीही पाहिलं होतं. तरी म्हणालो, "रेटून नेऊ, भाभी. अडीच तासांचा तर प्रश्न आहे."

त्या सरळ रंगमंचावर गेल्या आणि प्रयोग रद्द झाल्याचं सांगितलं. पैसे परत मिळतील, असंही म्हणाल्या, पण ते कुणी ऐकलंच नाही. खुर्च्या मोडल्या. लोकांना समजवायला मुख्य नटी यशोदाबाई पुढे आली, तिच्या कपाळावर दगड बसला. चार टाके पडले.

दुसऱ्या दिवशी त्याच गोदामात लग्नाची पंगत उठली. गाठी जिथल्या तिथे होत्या. काही झालं नाही.

तांडेल सर म्हणाले, बाईंचं बरोबर होतं. पण सरांच्या ओळखीच्या एकाही नटाने बाईंना पुढे तारीख दिली नाही. चंपालालशेठनी घरी येणं सोडलं. सासऱ्यांनी सुनेला बोल लावला नाही, फक्त नाटकाचा विषय बंद झाला.

सात वर्षांनी मी वडिलांसाठी धोतरजोडी घ्यायला त्यांच्या दुकानात गेलो. तोवर माझी दोन नाटकं दौऱ्यावर होती, यशोदाबाई एकात काम करत होती. बाईंनी तिची चौकशी केली.

"कपाळावरचा वण गेला का?"

"आहे अजून. रंगाखाली झाकला जातो."

त्यांनी धोतराची घडी नीट केली, परत उलगडली. "मी दारं आदल्या दिवशीच बघायला हवी होती," त्या म्हणाल्या. "प्रयोगही झाला असता, तिला लागलंही नसतं."

तुमची चूक नव्हती, एवढं तरी मी म्हणायला हवं होतं. त्या दिवशी मी काय सल्ला दिला होता, ते त्यांनी काढलं नाही. मीही काढलं नाही. धोतरजोडी घेतली आणि बस गाठायला निघालो.