बंदमामा आणि एकतीस गाड्या

चिडायला मला कारण लागत नाही, असं घरचे म्हणतात. त्या आठवड्यात मात्र कारण होतं, आणि ते चांगलं अकरा डब्यांचं होतं. आमच्यापासून चाळीस किलोमीटरवर, मुख्य मार्गावर, सिमेंटची मालगाडी रुळांवरून घसरली. माणूस कोणी दगावलं नाही. पण दोन्ही बाजूंचे रूळ उखडले आणि तिथल्या झाडून सगळ्या प्रवासी गाड्या आमच्या एकेरी मार्गावर वळवल्या. जिथे दिवसाला चार गाड्या जायच्या, तिथे एकतीस जायला लागल्या.

बरं, एवढ्या गाड्या आल्या तर गावाचं भलं व्हावं की नाही? एकही आमच्या स्टेशनवर थांबेना. आणि ज्या चार थांबायच्या, त्या रद्द, कारण पाहुण्यांना वाट द्यायची होती. शाळेतल्या बाई आणि बँकेतला कारकून प्लॅटफॉर्मवर उभे राहून धडधडत जाणाऱ्या खिडक्या बघायचे आणि हात हलवत माझ्याकडे यायचे, कारण मी टॅक्सी चालवतो. मी त्यांना घेऊन निघायचो आणि पाच मिनिटांत मामासमोर येऊन अडकायचो.

मामा म्हणजे माझ्या आईचा धाकटा भाऊ. गावाला मधोमध चिरणाऱ्या रुळांवर जे फाटक आहे, त्याचा तो चौतीस वर्षं गेटमन. कोणी कितीही गयावया केली तरी ‘बंद म्हणजे बंद’ हे त्याचं ठरलेलं उत्तर, म्हणून सगळं गाव त्याला बंदमामा म्हणतं. गाडी गेली की लोक इंजिनं चालू करतात, पण मामा जागचा हलत नाही. अख्खी गाडी गेल्याची, शेवटच्या डब्यामागची खूण तो आधी स्वतःच्या डोळ्यांनी बघतो. मग स्टेशनला फोन लावतो, तिकडून परवानगीचा एक आकडा मिळतो, तो वहीत उतरवतो आणि मगच चाक फिरवून फाटक वर करतो. बंद करताना आकडा तो देतो, तेव्हा कुठे पुढच्या गाडीला सिग्नल मिळतो. हे इतकं अंगात मुरलंय, की घरी फ्रिजचं दार लावलं तरी तो एकदा ओढून बघतो. मामी म्हणायची, मलाही बहुतेक वहीत लिहूनच घरात घेतलं असेल.

या मामीसाठीच माझा जीव टांगणीला लागला होता. तिची मूत्रपिंडं दोन वर्षांपासून काम करत नव्हती. आठवड्यातून तीनदा, अकरा वाजता, रुळांपलीकडच्या दवाखान्यात तिचं डायलिसिस असायचं. साडेअकरापर्यंत खुर्चीत बसलं नाही तर खुर्ची दुसऱ्याला देतात. तिला न्यायचं-आणायचं काम माझं. गाड्या वळवल्या त्या मंगळवारी आम्ही फाटकासमोर पन्नास मिनिटं उभे राहिलो आणि खुर्ची गेली. बुधवारी मामीचा चेहरा सुजला, चार पावलं चालली तरी धाप लागायला लागली. डॉक्टरांनी फोनवर स्पष्ट सांगितलं, की गुरुवार चुकला तर पुढचं ते सांगू शकत नाहीत.

बुधवारी संध्याकाळी मामाने मला एक गोष्ट सुचवली. उद्या पलीकडे दुसरी टॅक्सी सांगून ठेव, फाटक उघडलं की तिला हळूहळू चालवत पार करू, म्हणजे वाहनांच्या गर्दीत अडकायला नको. मला ते झोंबलं. घरात टॅक्सी असताना मामीला परक्याच्या गाडीत बसवायचं? मी त्याला बरंच सुनावलं. तुझं फाटक तुझ्या बायकोपेक्षा मोठं आहे का, असंही बोलून गेलो. मामाने उठून फ्रिजचं दार एकदा ओढून बघितलं. त्याचाही मला राग आला.

गुरुवारी आम्ही साडेनऊलाच निघालो. तरी फाटकासमोर वीस वाहनं होती. एक गाडी गेली, मग उलट दिशेने दुसरी, मग तिसरी. वातानुकूलित डब्यांच्या काचांमागे लोक आरामात झोपलेले दिसत होते. त्यांचाही खोळंबा झाला असणार, हे आज कळतं. तेव्हा मात्र ते मला वैरी वाटत होते. दहा चाळीस झाले. मागच्या सीटवर मामीचा श्वास ऐकू येत होता. ती काही मागत नव्हती, फक्त खिडकीची काच पूर्ण खाली कर म्हणाली.

माझं डोकं फिरलं. समोरून येणाऱ्यांची बाजू रिकामी होती. मी गाडी रांगेतून काढली, त्या मोकळ्या बाजूने थेट फाटकाच्या दांड्यापर्यंत नेली आणि पहिला नंबर लावला. मामाने केबिनमधून पाहिलं आणि हाताने मागे जा म्हणून खूण केली. मी दुसरीकडे बघितलं. मी आलो म्हणून मागून टेम्पो आला, टेम्पो आला म्हणून दोन मोटारी आल्या, आणि बघता बघता ती बाजू भरली. पलीकडेही कोणीतरी माझ्यासारखाच शहाणा असणार, कारण तिकडचाही रस्ता काठोकाठ भरला होता.

दहा बावन्नला सात मिनिटांची फट मिळाली. मामाने फाटक वर केलं. मी गाडी पुढे घातली आणि रुळांच्या ऐन मध्यावर एका ट्रकच्या नाकाला नाक लावून उभा राहिलो. तो हलेना, मी हलू शकेना. त्याच्यामागे रांग, माझ्यामागे रांग. हॉर्न सुरू झाले. मी खाली उतरून ट्रकवाल्यावर तोंड सोडलं. तो शांतपणे म्हणाला, ‘‘दादा, मी माझ्या बाजूला आहे. तुम्ही कुठे आहात ते बघा.’’

केबिनमधला फोन वाजायला लागला. फाटक बंद झाल्याचा आकडा स्टेशन मागत होतं आणि मामा तो देऊ शकत नव्हता. लांबवर सिग्नलपाशी पुढची गाडी येऊन थांबलेली दिसत होती. मामा लाल झेंडा घेऊन बाहेर आला. मला वाटलं, आता सगळ्यांदेखत माझी काढणार. त्याने माझ्याकडे पाहिलंही नाही. मागचं दार उघडलं आणि मामीला हात दिला.

‘‘चालशील ना?’’ त्याने विचारलं.

‘‘चालेन. पण तुमचा फोन वाजतोय,’’ मामी म्हणाली.

‘‘वाजू दे.’’

चौतीस वर्षांत मामाने फोन वाजू दिला, तो तेवढाच. दोन वाहनांमधल्या फटीतून, एकेका बोनेटवर हात टेकत, मामी त्याच्या आधाराने पलीकडे गेली. रांगेच्या टोकाला एका पाववाल्याची व्हॅन होती. त्याने काही न विचारता गाडी वळवली. अकरा वीसला मामी खुर्चीत बसली.

इकडे मामाने परत येऊन एकेक वाहन मागे घ्यायला लावलं. सगळ्यात आधी मागच्या मोटारी, मग टेम्पो, सगळ्यात शेवटी मी. सिग्नलपाशी गाडी नऊ मिनिटं खोळंबली. ती गेली, खूण बघून झाली, तसं त्याने मला केबिनमध्ये बोलावलं आणि वही उघडली. गाडीचा नंबर सांग म्हणाला. ती टॅक्सी घेताना कर्जाच्या अर्जावर जामीन म्हणून त्याचीच सही आहे. नंबर त्याला तोंडपाठ होता. तरी मी सांगितला आणि त्याने लिहिला. फाटक अडवणारं वाहन, चुकीच्या बाजूला. माझा परवाना जाऊ शकतो, मी म्हणालो. त्याने मान डोलावली आणि खाली आणखी दोन ओळी लिहिल्या. मी वाकून वाचल्या. ‘सदर वाहनात गेटमनची पत्नी होती. तिला रूळ ओलांडून देण्यासाठी गेटमनने चार मिनिटं केबिन सोडली.’

त्याच्या निवृत्तीला एकोणतीस दिवस उरले होते.

‘‘हे कशाला लिहितोस? कोणी बघितलंय तुला?’’ माझा आवाज चढला होता, पण या वेळी राग नक्की कोणावर होता ते मला नीट कळत होतं.

‘‘तुझं लिहिलं,’’ मामा म्हणाला, ‘‘मग माझं का सोडू?’’

फोन वाजला. फाटक बंदच होतं, पुढच्या गाडीसाठी त्याने आकडा दिला आणि झेंडा घेऊन बाहेर गेला. चार तासांनी मामीला आणायला मला पलीकडे जायचंच होतं. मी गाडी वळवली आणि रांगेच्या शेवटी, आपल्या बाजूला, एका दुधाच्या टेम्पोमागे नेऊन लावली. समोरच्यांची बाजू पुन्हा रिकामी पडली होती. मागच्याने हॉर्न दिला, मोकळं आहे तिकडून पुढे घ्या म्हणून. मी इंजिन बंद केलं.